खेळाडूंनी रचलेले नकाशे

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या उभ्या आहेत. जवळच पूल आहे आणि थोड्या अंतरावर सात मजली राजवाडा. एखाद्या हौशी तरुणाने हा परिसर संगणकावर हुबेहूब उतरवून त्यात लढाईचा खेळ मांडला, तर चित्र देखणे होईल. परंतु खेळ बहुधा फसेल. असे का व्हावे?

‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळच पाहावा. मिन्ह ले व जेस क्लिफ यांनी १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून तो सिद्ध केला. स्पर्धेत पाच-पाच जणांचे दोन पक्ष असतात. एक पक्ष नेमलेल्या दोन जागांपैकी एकीवर बॉम्ब ठेवू पाहतो, दुसरा त्यास अडवितो. ही रणभूमी म्हणजेच खेळाडूंचा ‘मॅप’.

तिचे माप हातांत नव्हे, सेकंदांत घेतात. अडविणारे मोक्याच्या जागी दोन-तीन सेकंद फार आधी पोचले, तर चढाई करणारे लढण्यापूर्वीच हरतात. कृष्णपुऱ्यात सर्वांना एकाच पुलावरून नेले, तर पलीकडे बसलेला एकटा नेमबाज पाचांना रोखील. म्हणून घाटाखालून दुसरी वाट काढावी लागते, मग ती प्रत्यक्षात असो वा नसो. छत्र्यांचे कोरीव काम हीही अडचणच! त्या नक्षीत लपलेला माणूस दिसत नाही, कोनाड्याला खेळाडू अडखळतो आणि साधा संगणक मंदावतो. जाणता रचनाकार अशा भिंतीपुढे न दिसणारा सपाट पडदा उभा करतो.

नवशिक्या आधी रंगरंगोटीला लागतो, आणि तेथेच चुकतो. अनुभवी माणूस प्रथम नुसत्या ठोकळ्यांचा नकाशा रचतो, तो दहा जणांकडून पुनःपुन्हा खेळवून घेतो, वाटा हलवितो, दारे अरुंद करतो, सजावट शेवटी. डेव्ह जॉन्स्टन या तरुणाचा २००१ सालचा ‘डस्ट २’ रंगाने अगदी साधा, वाळूसारखा. तरी तो आजही खेळला जातो. २०१४ साली मुख्य स्पर्धांत आलेला ‘कॅश’ रचणाऱ्यांतील साल्वातोरे गारोझो हा स्वतः स्पर्धांतून खेळलेला होता.

तेव्हा खेळातल्या कृष्णपुऱ्यात नदी आखडेल, राजवाडा पुलाजवळ सरकेल, आणि इंदूरकराला आपल्याच गल्लीत वाट विचारावी लागेल.