राष्ट्राध्यक्षांची सासुरवाडी

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरांवर कँटन हे जे बेताच्या वस्तीचे औद्योगिक शहर आहे, तेथे परगावचा माणूस सहसा दोन कारणांसाठी उतरतो : व्यावसायिक फुटबॉलच्या श्रेष्ठ खेळाडूंचे १९६३ मध्ये उघडलेले कीर्तिमंदिर पाहण्यासाठी, नाही तर राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ले यांच्या घुमटाकार समाधीचे दर्शन घेण्यासाठी. जुन्या बाजारपेठेतील मार्केट अ‍ॅव्हेन्यूवर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींना वाहिलेले जे संग्रहालय आहे, त्याच्याकडे या दोहोंतून उरलेले थोडेथोडकेच लोक वळतात. आणि वळलेल्यांतही पुष्कळांची अपेक्षा मखमली झगे, चिनी मातीची ताटे व मोत्यांच्या माळा पाहायला मिळतील एवढीच असते. ती अपेक्षा थोडीबहुत पुरी होते. परंतु ज्या वास्तूत हे संग्रहालय थाटले आहे तिची हकीकत कपाटांतील वस्तूंपेक्षा कितीतरी अधिक बोलकी आहे, आणि प्रस्तुत लेखाचा बराचसा भाग मी तिच्यावरच खर्चणार आहे.

वास्तू विटांची, ऐसपैस, व्हिक्टोरियन थाटाची. आयडा सॅक्स्टन यांच्या आईच्या वडिलांनी ती १८४० च्या सुमारास बांधावयास घेतली आणि पुढे सॅक्स्टन कुटुंबाने तिला मोठा विस्तार दिला. सॅक्स्टन घराणे गावातले वजनदार : आजोबा जॉन सॅक्स्टन यांनी १८१५ मध्ये वृत्तपत्र काढले, वडील जेम्स यांची पेढी होती. थोरली लेक आयडा, जन्म १८४७ चा. तिचे वेगळेपण असे की, युरोपचा दीर्घ प्रवास करून आल्यावर ही सुखवस्तू घरची मुलगी वडिलांच्या बँकेत कामाला बसली, आणि ज्या काळी बाईमाणसाने पैशाच्या खिडकीमागे उभे राहणे शिष्टसंमत नव्हते त्या काळी ती रोख्यांचे आणि ठेवींचे व्यवहार सराईतपणे उलगडू लागली. १८७१ च्या जानेवारीत तिचा विवाह यादवी युद्धातून मेजर होऊन परतलेल्या तरुण वकिलाशी, विल्यम मॅकिन्ले यांच्याशी, झाला. हेच मॅकिन्ले पुढे काँग्रेसवर निवडून गेले, आणि १८७८ पासून १८९१ पर्यंत, वॉशिंग्टनहून गावी आले म्हणजे, त्यांचा मुक्काम याच घरात, म्हणजे सासुरवाडीत असे. तिसऱ्या मजल्यावरील त्यांच्या अभ्यासिकेपर्यंत जिने चढून जाताना कोणाही मराठी माणसाच्या मनात ‘घरजावई’ हा शब्द आल्यावाचून राहणार नाही; मार्गदर्शक मात्र असा काही उल्लेख करीत नाहीत, आणि अमेरिकन श्रोत्यांना त्यातली खोच कळलीही नसती.

ज्या दुसऱ्या घराच्या ओसरीवरून मॅकिन्ले यांनी १८९६ ची निवडणूक लढवली, आणि ज्याच्या अंगणात त्या उन्हाळ्यात व शरदात आगगाड्या भरभरून सुमारे साडेसात लाख माणसे भाषण ऐकण्यास आली असे सांगतात, ते नॉर्थ मार्केटवरील घर आज अस्तित्वात नाही. प्रतिस्पर्धी ब्रायन देशभर दौरे काढीत असता उमेदवाराने गाव सोडले नाही. त्यात राजकीय धोरण होतेच, पण पत्नीच्या प्रकृतीची सबबही तितकीच खरी होती. राष्ट्राध्यक्षांची ओसरी अशी काळाच्या उदरात गडप झाली आणि पत्नीचे माहेर मात्र, मधल्या काळात दुकाने आणि भाडेकरूंच्या खोल्या पोटात घालून, तगून राहिले.

आयडाबाईंच्या दुखण्याचा आरंभ १८७३ सालात आहे. मार्चमध्ये आई गेली. एप्रिलमध्ये दुसरी मुलगी जन्मली आणि ऑगस्टमध्ये दगावली. १८७५ च्या जूनमध्ये थोरली केटी, जी १८७१ च्या नाताळाच्या दिवशी जन्मलेली, तापाने गेली. पायांच्या शिरांना सूज, चालणे दुष्कर, आणि त्यावर अपस्माराचे झटके, असे ते दुखणे उरलेले सारे आयुष्य बाईंच्या पाठीस लागले. अपस्मार हे नाव त्या काळी भद्र घरांत उच्चारले जात नसे. घेरी, अशक्तपणा, डोकेदुखी असल्या मोघम शब्दांवर वेळ मारून नेत. सरकारी मेजवानीत राष्ट्राध्यक्षाने पत्नीपासून दूर, समोरच्या बाजूस बसावे हा शिरस्ता मॅकिन्ले यांनी मोडला आणि तिला आपल्याच शेजारी बसवून घेतले. झटका आला की ते हातरुमाल उलगडून तिच्या मुखावर टाकीत, आणि तो ओसरेपर्यंत पाहुण्यांशी चाललेले संभाषण खंडित होऊ न देता पुढे चालवीत. त्याआधी, ओहायोचे गव्हर्नर असताना, कोलंबस शहरात ते विधानभवनासमोरच्या हॉटेलात राहत, आणि रोज सकाळी कचेरीत शिरण्यापूर्वी व पुन्हा दुपारी तीनच्या ठोक्याला खिडकीतल्या पत्नीकडे पाहून रुमाल हलवीत. एकच हातरुमाल एके ठिकाणी लोकांनी पाहावा म्हणून फडकतो, दुसऱ्या ठिकाणी लोकांनी पाहू नये म्हणून झाकतो. समकालीन वृत्तपत्रांनी पहिल्याची वाखाणणी केली आणि दुसऱ्याविषयी सभ्यपणे मौन पाळले. मेजर साहेबांच्या पत्नीनिष्ठेचा गौरव दोन्हींकडून वाढतच गेला. १८९६ मध्ये पक्षाच्या गोटातून बाईंच्या चरित्राची एक लहानशी पुस्तिका प्रसृत झाली. उमेदवाराच्या पत्नीचे प्रचारासाठी छापलेले चरित्र म्हणून तीच पहिली समजली जाते. दुखण्याच्या अफवांना उत्तर द्यावे हा तिचा उघड हेतू. मला मात्र ती पुस्तिका म्हणजे बाईंच्या आजाराचे पतीच्या खात्यावर केलेला जमाखर्चच वाटतो, आणि बँकेतल्या आयडाला ही नोंद ओळखता आली नसती असे नाही.

आजारी माणसाचे हात रिकामे राहत नाहीत. बाई खुर्चीत बसून क्रोशाच्या सुईने लोकरीच्या सपाता विणीत. ओळखीच्यांना, सैनिकांना, इस्पितळांना, धर्मादाय संस्थांच्या लिलावांना त्या जात, आणि त्यांची संख्या हजारांनी मोजली जाते. ही सपात म्हणजे काही कलाकौशल्याचा नमुना नव्हे : मऊ लोकर, साधा टाका, घरात पायांत घालायची चीज. व्हाइट हाउसमध्ये प्रत्यक्ष यजमानीण म्हणून वावरण्याचे पुष्कळसे काम उपराष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जेनी होबार्ट यांच्या वाट्याला येई. म्हणजे बिनपगारी पदाची बदलीही दुसऱ्या बिनपगारी बाईनेच भरून काढायची, आणि या दुसऱ्या बाईंचे नाव आज कोणास ठाऊक आहे?

याच वास्तूत वाढलेला आयडाबाईंचा भाऊ जॉर्ज याचा १८९८ मध्ये गावातच गोळ्या घालून खून झाला आणि आरोपी बाई पुढल्या वर्षी निर्दोष सुटली. हे प्रकरण त्या काळच्या वृत्तपत्रांनी चवीने चघळले. त्याचा विस्तार इथे नको. १९०१ च्या सप्टेंबरात बफेलोच्या प्रदर्शनात मॅकिन्ले यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा, जखमी अवस्थेतही, पत्नीला ही वार्ता सांभाळून सांगा असेच त्यांनी भोवतालच्यांना बजावले. आठ दिवसांनी ते गेले. सारे म्हणत की बाई आता जगणार नाहीत. त्या पुढे साडेपाच वर्षांहून अधिक जगल्या, आणि रोज समाधीस्थानी जात राहिल्या. १९०७ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. टेकडीवरील भव्य स्मारकाचे उद्घाटन त्याच सप्टेंबरात झाले.

आता संग्रहालयाविषयी. मेरी रेगुला या इतिहासाच्या शिक्षिका, आणि पती राल्फ रेगुला हे दीर्घकाळ काँग्रेसचे सभासद. अशा, स्वतःच ‘नेत्याच्या पत्नी’ असलेल्या बाईंनी १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपत्नींच्या ग्रंथालयाची स्थापना केली. या स्त्रियांविषयी व्याख्यान देण्याची पाळी आली असता आधारग्रंथांची एखादी समग्र सूची हाती लागेना, तेव्हा तीच तयार करावी, असे त्यांना वाटले. २००० मध्ये काँग्रेसने कायदा करून या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाची सनद दिली. जवळच्या १८९५ मधील सातमजली बँकेच्या इमारतीत अभ्यासकेंद्र आले, आणि तेथे अ‍ॅबिगेल फिलमोर यांच्या ग्रंथालयाची प्रतिकृती मांडली. अ‍ॅबिगेल या पेशाने शिक्षिका, आणि पती मिलर्ड हे एके काळी त्यांच्याच शाळेतले विद्यार्थी. १८५० मध्ये व्हाइट हाउसात पाऊल टाकले तर तेथे स्वतःचा असा ग्रंथसंग्रहच नाही, तेव्हा काँग्रेसकडून दोन हजार डॉलर मंजूर करवून घेऊन त्यांनी तो उभा केला. मला सबंध संग्रहालयात ही खोली सर्वांत आवडली. झग्यांचे प्रदर्शन मांडायचे काम वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनने हेलन टाफ्ट यांनी १९१२ मध्ये आपला पोशाख देऊ केल्यापासून एकदा पक्के केले आहे. त्याची नक्कल ओहायोत कशाला हवी?

टाफ्टबाईंचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. १९१४ मध्ये त्यांनी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, आणि राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने स्वतः लिहून हयातीत छापलेले ते पहिलेच पुस्तक गणतात. आपल्याकडे रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ त्याच्या चार वर्षे आधी, १९१० मध्ये, बाहेर पडले होते; न्यायमूर्तींच्या घराचा आतला दिवाणखाना आपण त्यामुळे बाईंच्याच नजरेने पाहतो. आयडाबाईंची म्हणून जी पत्रे आज चटकन हाती लागतात ती लग्नाआधीची, युरोपातून आईवडिलांस धाडलेली, चौकस आणि काहीशी ठसकेबाज. लग्नानंतरची बाई मात्र बहुतांशी डॉक्टर, चिटणीस, बातमीदार आणि भाच्यापुतण्यांच्या तोंडून बोलते.

दप्तराचा हा रितेपणा पगाराच्या खातेवहीतही दिसतो. मेरी लिंकन यांना विधवा म्हणून वर्षाला तीन हजार डॉलरांचा तनखा १८७० मध्ये मंजूर झाला तो कडवट वादानंतर. १८८२ मध्ये गारफिल्ड, पोक आणि टायलर यांच्या विधवांना पाच हजारांचा मिळाला. जिवंत राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीच्या कामाला हाताखालची माणसे देण्याची कायदेशीर तरतूद १९७८ मध्ये झाली, आणि तिचे कलम असे की, राष्ट्राध्यक्षांना त्यांच्या कर्तव्यात ती जे साहाय्य करील त्यापुरतीच ही नोकरमंडळी. पत्नी नसल्यास राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कुटुंबातील व्यक्तीला ती मिळावी. खुद्द तिच्या पगाराचा त्या कलमात उल्लेख नाही, आणि अद्यापही तो कोठे नाही.