बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही? मग शीचा रंग बघा!

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागणं नेहमीचंच आहे. बहुतेक बाळांची ही कावीळ दोन आठवड्यांत उतरते. त्यामुळे "कोवळ्या उन्हात धरा, जाईल" असं घरचे सांगतात. पण काही बाळांच्या बाबतीत हेच वाट बघणं महागात पडतं.

नेमकं काय बिघडतं?

यकृतात तयार झालेलं पित्त नलिकांमधून आतड्यात उतरतं. शीला पिवळा रंग येतो तो त्यामुळेच. 'बिलिअरी अट्रेसिया' या आजारात या नलिका सुजून बंद होतात. पित्त यकृतातच तुंबतं आणि यकृत हळूहळू खराब होत जातं.

ओळखायचं कसं?

शी पांढरट, राखाडी किंवा शाडूच्या मातीसारखी फिकट होते. लघवी गडद होऊन लंगोटाला पिवळे डाग पडतात. सुरुवातीला बाळ दूध नीट पितं, म्हणून कोणाला शंका येत नाही. तैवानमध्ये २००४ पासून देशभर पालकांना शीच्या रंगांचं कार्ड दिलं जातं. घरच्या घरी रंग ताडून बघायचा, एवढं सोपं.

कोणती तपासणी?

फक्त एकूण बिलिरुबिन पुरेसं नाही, 'डायरेक्ट' बिलिरुबिनही मोजायला सांगा. ते वाढलेलं असेल, तर ही साधी कावीळ नाही. ती ऊन दाखवून किंवा काविळीची माळ घालून उतरत नाही. पुढे सोनोग्राफी आणि गरजेनुसार यकृताची बायोप्सी करतात.

उपचार काय?

जपानी सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. यात आतड्याचा भाग थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देतात. ती बाळ ६० दिवसांचं होण्याआधी झाली, तर यशाची शक्यता जास्त असते. नंतर अ, ड, ई, के जीवनसत्त्वं द्यावी लागतात. ताप आला तर लगेच डॉक्टर गाठायचे, कारण पित्तमार्गात संसर्ग झालेला असू शकतो. अनेक मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागतं, पण वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेमुळे ते लांबतं, काहींचं टळतंही.

लक्षात ठेवा: १४ दिवसांनंतरही कावीळ असेल तर रक्त तपासा. शी पांढरट दिसली तर तेवढंही थांबू नका. लंगोटाचा फोटो काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.