क्रीडाप्रक्षेपणाचा हक्क आणि तालुक्याच्या गावचा प्रेक्षक

तुळजापुरातील एकाच गल्लीत शेजारी असलेली दोन घरे घटकाभर कल्पावीत. एका घरावर डीडी फ्री डिशची छत्री आहे. दुसऱ्या घरी दरमहा वर्गणी भरून केबलची जोडणी घेतलेली आहे. भारतीय संघाचा एकदिवसीय सामना सुरू होतो. पहिल्या घरी तो दूरदर्शनवर विनामूल्य दिसतो. दुसऱ्या घरी खासगी क्रीडावाहिनीचे निराळे शुल्क भरलेले नसेल, तर दूरदर्शनची वाहिनी लावूनही तो दिसत नाही. वर्गणी भरणारा वंचित राहावा आणि न भरणाऱ्यास लाभ व्हावा, ही स्थिती विपरीत वाटते. प्रेक्षक तिचा दोष बहुधा केबलचालकास देतो. वस्तुतः तिचे मूळ कायद्याच्या शब्दरचनेत आहे. ते स्पष्ट करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

या वादाचा प्रारंभ १९९३ च्या हिरो चषक स्पर्धेपासून धरता येईल. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी संस्थेस दिले आणि दूरदर्शनशी तिचा कलह झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात दोन तत्त्वे मांडली गेली : ध्वनिलहरींचा मार्ग ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि प्रेक्षकाचा माहिती मिळविण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत आहे. शासनाची मक्तेदारी त्यामुळे संपली. परंतु तिच्या जागी हक्क विकत घेणाऱ्या कंपन्या आल्या.

त्याचा परिणाम महाराष्ट्रातच दिसून आला. २१ जानेवारी २००७ रोजी नागपूर येथे भारत व वेस्ट इंडीज यांचा सामना झाला, तो दूरदर्शनच्या प्रेक्षकांस थेट पाहता आला नाही. कारण हक्कधारक निंबस कंपनीने संकेत देण्याचे नाकारले होते. दोन दिवसांनी दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटांच्या विलंबाने प्रक्षेपणाची तडजोड सुचविली. पुढे अध्यादेश निघाला व त्याच वर्षी कायदा झाला. त्याच्या कलम ३ अन्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचे थेट संकेत, जाहिरातींविना, प्रसार भारतीस देणे बंधनकारक झाले. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाचा ठरला.

मात्र या कलमात प्रसार भारतीच्या ‘स्वतःच्या’ भूस्थित व थेट उपग्रह जाळ्यांचाच उल्लेख आहे. दुसरीकडे, १९९५ च्या केबल कायद्यातील कलम ८ अन्वये केबलचालकाने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखविल्याच पाहिजेत. या दोन तरतुदींचा मेळ कसा घालावा? ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कलम ३ प्रमाणे मिळालेले संकेत केबलवरील दूरदर्शनद्वारे पुढे नेता येणार नाहीत. यामागील युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. हक्कधारकाने मोठी रक्कम मोजलेली असते. तोच सामना प्रत्येक केबलवर फुकट मिळू लागला, तर त्याची वाहिनी कोण घेईल? मालमत्तेवर मर्यादा घालणारा कायदा संकुचित अर्थानेच वाचला पाहिजे, असा हा दृष्टिकोन आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. निकालानंतर विनामूल्य दर्शनाचे दोन मार्ग उरले : छतावरील साध्या अँटेनाचा व फ्री डिशचा. पैकी पहिला जवळजवळ नाहीसा झाला. मार्च २०२२ अखेर सामरिक महत्त्वाची ठिकाणे वगळून अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आवरते घेण्याचे धोरण प्रसार भारतीने आखले. म्हणजे कायद्याचा शब्द तसाच राहिला, पण त्याचा अर्धा आधार गळून पडला.

केबलवरील प्रेक्षक आणखी एका कलहात सापडतो, तो म्हणजे दरांचा. १८ फेब्रुवारी २०२३ च्या सुमारास नव्या दरपत्रकाचे करार न केलेल्या केबल कंपन्यांचे संकेत मोठ्या वाहिनीसमूहांनी तोडले. त्या वेळी दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी चालू होती. करार दोन कंपन्यांमधील. अंधार मात्र वर्गणीदाराच्या पडद्यावर.

या सर्वांतून निष्पन्न होते ते असे : कायद्याने प्रेक्षकाला संरक्षण दिलेले नसून संकेताच्या मार्गाला दिले आहे. मार्ग बदलला की हक्क संपतो. केबल व खासगी उपग्रहसेवा कलम ३ मध्ये समाविष्ट करणारा दुरुस्तीचा मसुदा ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता; त्याचा कायदा झाला नाही. हक्कधारकास योग्य मोबदला देऊनही तुळजापुरातील त्या दोन घरांस समान वागणूक देता येईल काय, हाच या विषयाच्या अभ्यासकापुढील खरा प्रश्न आहे.