देवालाच जाब विचारणारा भक्त

बेगडेवाडी, (प्रतिनिधी) - पुणे-लोणावळा लोकलने देहूरोड सोडले, की पुढचे स्थानक बेगडेवाडी. जवळच घोरावडेश्वराचा डोंगर आहे. बौद्ध लेण्यांचा हा डोंगर भंडारा आणि भामचंद्र यांच्याबरोबरीने तुकाराम महाराजांच्या चिंतनाची जागा मानला जातो. या एकांतात त्यांना केवळ शांतीच लाभली, असा समज मात्र त्यांच्या गाथेवरून टिकत नाही.

१६३०च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. तुकोबा तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. घरची सावकारी आणि दुकानदारी बुडाली, पहिल्या पत्नी अन्नावाचून गेल्या; मुलगा संतूही गेल्याचे परंपरा सांगते. आपल्या पूर्ववृत्ताच्या अभंगात हे सारे महाराजांनी जवळजवळ हिशेबाच्या कोरडेपणाने नोंदवले आहे. त्याच अभंगात पुढे पडक्या देवळाच्या दुरुस्तीचा उल्लेख येतो. घर मोडलेल्या माणसाने देवाचे घर बांधायला घ्यावे, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

पण देऊळ सावरले म्हणून मन सावरले नाही. सुमारे साडेचार हजार अभंगांच्या गाथेत विठ्ठलाशी भांडणाचे अभंग विपुल आहेत. देव निष्ठुर आहे, दिलेला शब्द पाळत नाही, असे आरोप तेथे उघडपणे केलेले आहेत. एके ठिकाणी तर आपल्या लेखी देव उरलाच नाही, इथवर त्यांची मजल जाते. ही नास्तिकता नव्हे. जो नाहीच, त्याच्याशी कोणी भांडत नाही. वारकरी संप्रदायात विठ्ठल ही माउली आहे आणि आईवर रुसण्याचा लेकराचा हक्क नामदेव, जनाबाईंपासून चालत आला आहे. ज्यूंच्या व ख्रिस्ती धर्मग्रंथातला इयोबही सर्वस्व गमावल्यावर देवाकडे असाच खुलासा मागतो.

कसोटीचा क्षण आला तो इंद्रायणीकाठी. शूद्राने धर्माचा अर्थ सांगू नये, या आक्षेपावरून अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून बसून राहिले. या तेरा दिवसांचा उल्लेख त्यांच्याच अभंगांत आहे. वह्या कोरड्या वर आल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या अभंगांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. त्यांत विजयाचा आनंद कमी आणि संकोच अधिक आहे : आपण देवाचा अंत पाहिला, त्याला उगाच शिणवले, याबद्दल भक्त क्षमा मागतो.

तक्रार मात्र त्यांनी मागे घेतली नाही, की लपवलीही नाही. भांडणाचे आणि क्षमायाचनेचे अभंग आजही एकाच गाथेत आहेत. वारकरी कीर्तनांत दोन्ही म्हटले जातात.