वीतभर वायरची भुणभुण

गाणं बंद केलं तरी माझ्या पेटीतून एकसुरी 'हूंऽऽ' येत राहायचं. घरीच जोडलेला 4440 आयसीचा अ‍ॅम्प्लिफायर, 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, 4700 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. कंडेन्सर दुप्पट केला, फरक शून्य. शेवटी पेटी यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या एका मेकॅनिकभाऊंकडे नेली. दुर्गोत्सव आठवड्यावर आलेला, त्यामुळे दुकानात मंडळांच्या सेटची रास. (आमच्याकडे देवीचा थाट गणपतीहून मोठा.)

भाऊंनी झाकण उघडलंच नाही. इनपुटची पिन उपटली, व्हॉल्यूम शून्यावर नेला, स्पीकरला कान लावला. "शंभरची हाय." वीज पन्नास हर्ट्झची, दोन डायोडमधून गेली की कंडेन्सर सेकंदाला शंभरदा भरतो. पन्नासचा सूर याहून खर्जातला. मला दोन्ही सारखेच वाटले असते.

झाकण निघालं. ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपची, म्हणजे मधल्या झिरोची, काळी वायर मी बोर्डावर इनपुटच्या ग्राउंडला डागली होती आणि तिथून वीतभर वायर कंडेन्सरकडे नेली होती.

"हे इथं काऊन आणली?"

"झिरो झिरोच ना, भाऊ?"

"मीटरले झिरो. आयसीले नाई."

घरी हिशेब केला तेव्हा पटलं. कंडेन्सर सावकाश पीत नाही. लाटेच्या माथ्यावर क्षणभर घटकन घोट घेतो. एक चौरस मिलिमीटरच्या वीतभर तांब्याचा रोध तीन-साडेतीन मिलिओहम. एक अँपिअरचा घोट गेला की टोकांमध्ये तेवढेच मिलिव्होल्ट. इनपुटवर आलेलं काहीही ही आयसी साडेतीनशे पटीच्या आसपास वाढवते. म्हणजे स्पीकरवर एक व्होल्टाच्या वर, आणि तेही गाण्याशिवाय!

भाऊंनी सेंटर टॅप थेट कंडेन्सरच्या मायनस पायावर डागला. तिथूनच एक वायर बोर्डाला, एकेक स्पीकरांना. इनपुटच्या शिल्डचा ग्राउंड मात्र आयसीजवळ, पेटीच्या पत्र्याला टेकू न देता.

मग त्यांचं लक्ष प्लगकडे गेलं. भुणभुण जाईल म्हणून मी अर्थिंगची पिनच काढून टाकली होती. ते काही बोलले नाहीत. नवा प्लग काढला, हिरवी वायर पत्र्याला स्क्रूने आवळली, मगच पेटी सिरीज बोर्डावर लावली. त्या बोर्डावरचा शंभर वॅटचा बल्ब क्षणभर भडकला आणि काजव्याएवढा झाला.

मी कान लावला. बारीक 'स्स्स'. बाहेर मांडवात कुणीतरी माईक टेस्ट करत होतं, त्यात तेही ऐकू येईना.