केसपेपर सांभाळण्याची विद्या : शिकता शिकता कमाई

रुग्णालयातील रोजगार म्हटला की आपल्या तरुणांना डॉक्टर, नर्स आणि औषधविक्रेता एवढेच आठवतात. केसपेपर सांभाळणाऱ्या रेकॉर्ड विभागाकडे फारसे कोणी पाहत नाही. वैद्यकीय शिक्षण परवडत नाही म्हणून हे क्षेत्रच सोडून देणाऱ्या मुला-मुलींसमोर आम्ही आज हा मार्ग ठेवत आहोत.

रुग्ण घरी गेला की त्याची फाईल या विभागात येते. संमतीपत्र, तपासण्यांचे अहवाल, डॉक्टरांच्या सह्या पूर्ण आहेत का ते पाहायचे. आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील संकेतांक द्यायचा. दहाव्या आवृत्तीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा संकेतांक ई ११ आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. फाईल हरवली तर गरीब रुग्णाचा विम्याचा दावा अडतो. म्हणून हे काम कारकुनी वाटले तरी जबाबदारीचे आहे.

हे काम शिकण्याचा एक रस्ता म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्याच वर्षीच्या नियमांत शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये किमान विद्यावेतन ठरले. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत त्याचा काही भार सरकारही उचलते.

येथे आम्ही वाचकांना सावध करू इच्छितो. शिकाऊ उमेदवार पैसे भरत नाही, त्याला पैसे मिळतात. 'आधी फी भरा, मग रुग्णालयात लावतो' असे सांगणाऱ्यापासून दूर राहा. करार लेखी असावा आणि सरकारी पोर्टलवर नोंदलेला असावा. मुदत संपल्यावर कायम नोकरी देण्याचे बंधन रुग्णालयावर नसते, हेही आधीच समजून घ्या.

आता कागदाची जागा संगणक घेत आहे. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यापासून या बदलाला वेग आला. तेव्हा टायपिंग, संगणक आणि शरीराच्या अवयवांची व आजारांची इंग्रजी नावे यांची तयारी आजच सुरू करा. सोबत एक गुण हवाच : रुग्णाची गोष्ट विभागाबाहेर न नेणे. ज्याच्याकडे ही अमानत सांभाळण्याची सवय आहे, त्याने जवळच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन चौकशी करायला उशीर करू नये.