'कादंबरी लिहितोय' असं आधीच सांगावं का? अपडेट टाकल्याने लिखाण पुढे सरकतं की अडतं?

खर्डीहून लोकलने सीएसएमटीला पोहोचायला दोन तासांहून जास्त लागतात. परत यायला तेवढेच. शहापूर तालुक्यातून रोज मुंबईला ये-जा करणाऱ्याला काही लिहायचं असेल, तर त्याचं टेबल म्हणजे हातातला मोबाइल आणि खुर्ची म्हणजे खिडकीची सीट, मिळाली तर. अशा लोकांची आज कमी नाही. नोट्समध्ये दोन पानं होतात आणि लगेच पोस्ट पडते : "भातसा धरणात गेलेल्या गावावर कादंबरी लिहायला घेतलीय!" बदाम येतात, "वाट बघतोय" येतं, शाळेतले सर अभिनंदन करतात. चार महिन्यांनी कादंबरी तिसऱ्याच पानावर असते आणि कुणी विचारू नये म्हणून पोस्ट लपवावी लागते.

हा निव्वळ आळस नाही. यावर मानसशास्त्रात प्रयोग झाले आहेत.

अभिनंदन आधी, काम नंतर

न्यूयॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांत कायद्याचे विद्यार्थीही होते. मोठा वकील व्हायचं, त्यासाठी मेहनत घ्यायची, हा ज्यांचा इरादा दुसऱ्या कुणीतरी वाचला, त्यांनी त्या दिशेच्या कामाला कमी वेळ दिला. ज्यांचा इरादा कुणाला कळला नाही, ते जास्त वेळ बसले. संशोधकांनी काढलेला अर्थ असा : लोकांनी दखल घेतली की माणसाला आपण ते 'झालोच' असं वाटू लागतं. लेखक म्हणून कौतुक झालं, मग लिहायची घाई कशाला?

प्रयोग छोटे होते, त्यामुळे हा काही निसर्गनियम नव्हे. पण ज्याने एकदा तरी 'लवकरच येत आहे' असं लिहून ठेवलंय, त्याला तो पटायला वेळ लागणार नाही.

आता याच्या उलट वाटणारी गोष्ट. २०१६ मध्ये १३८ अभ्यास आणि जवळपास २० हजार सहभागी एकत्र धरून केलेलं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. विषय होता, आपण कुठवर आलो हे मोजत राहिल्याने ध्येय गाठायला मदत होते का. उत्तर आलं, होते. आणि ती प्रगती लिहून ठेवली किंवा इतरांना सांगितली तर जास्त होते.

मग खरं काय? दोन्ही. कारण दोन्हीकडे सांगायची गोष्ट वेगळी आहे. एकीकडे माणूस काय करणार हे सांगतो, दुसरीकडे काय केलं हे सांगतो. "कादंबरी लिहितोय" हा इरादा झाला. "आज आटगाव ते कल्याण ४०० शब्द झाले, दुसरं प्रकरण संपलं" हा हिशेब झाला. इराद्याला टाळ्या मिळाल्या की तो तिथेच बसतो. हिशेबाला मिळाल्या की उद्याचा आकडा द्यावा लागतो.

हरिभाऊंचं 'क्रमशः'

मराठी कादंबरीला हा हिशेब नवा नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची गाजलेली कादंबरी त्यातूनच हप्त्याहप्त्याने आली. पुस्तक आधी पूर्ण करून मग छापलं, असा प्रकार नव्हता. अंक निघायचा म्हणजे प्रकरण द्यायचं. यमूचं पुढे काय होणार, हे वाचणाऱ्यांना पुढचा अंक येईपर्यंत थांबावं लागे.

याची किंमतही होती. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ आहे, असं टीकाकार सांगत आले आहेत, आणि हप्त्यांनी लिहिण्याचा त्यात वाटा आहेच. त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णही राहिल्या. म्हणजे वाचक समोर बसवला की पुस्तक पूर्ण होईलच, याची हमी हरिभाऊंनाही नव्हती! तरी आठवड्याच्या त्या तगाद्याशिवाय एवढं लिखाण झालं असतं का, असा प्रश्न पडतोच. आज प्रतिलिपीसारख्या ॲपवर भागाभागाने लिहिणारे याच वाटेवर आहेत. फरक इतकाच की आता वाचक तासाभरात "पुढचा भाग कधी?" विचारतो.

वाचक चूक दाखवतो, तेव्हा

अर्धवट लिखाण दाखवण्याचा सगळ्यात मोठा फायदा कौतुक नाही, दुरुस्ती आहे. अमेरिकी लेखक अँडी वीअर यांनी 'द मार्शन' २००९ पासून आपल्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने टाकली. विज्ञान जाणणारे वाचक हिशेबातल्या चुका कळवत गेले, आणि वीअर त्या सुधारत गेले. २०१५ मध्ये तिच्यावर सिनेमा आला.

शहापूरच्या कादंबरीत रसायनशास्त्र नसेल, पण भातशेती असणारच. लेखकाने पहिल्या पावसात राब भाजताना दाखवला, तर खर्डीतली कुठलीही आजी सांगेल, बाबा, राब उन्हाळ्यात भाजतात, पावसात पेरणी आणि मग आवणी. ही चूक छापल्यावर कळण्यापेक्षा पोस्टखाली कळलेली बरी. पण त्यासाठी पोस्टमध्ये परिच्छेद हवा. नुसत्या "लिहितोय"मध्ये कुणी काय दुरुस्त करणार?

कुणी चोरलं तर?

ही भीती खोटी नाही. मराठीत चांगली पोस्ट दोन दिवसांत लेखकाचं नाव गाळून व्हॉट्सॲपवर फिरते, खाली 'लेखक माहीत नाही' किंवा भलत्याच प्रसिद्ध माणसाचं नाव.

कायदा काय सांगतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलं की हक्क तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. फेसबुकवर टाकल्याने मालकी जात नाही, ते दाखवण्या-पसरवण्याची परवानगी मात्र आपण देतो. अडचण दुसरीकडे आहे. संरक्षण शब्दांना आहे, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद प्रकरणात हे स्पष्ट केलं. 'धरणात गेलेलं गाव' ही कल्पना कुणाचीच नाही. तिच्यावर लिहिलेली पानं लिहिणाऱ्याची आहेत.

आणि स्पर्धेला पाठवायचा विचार असेल तर आधी नियम वाचावेत. बऱ्याच ठिकाणी साहित्य 'अप्रकाशित' असण्याची अट असते, आणि काही आयोजक सोशल मीडियावर टाकलेलं लिखाणही प्रकाशित धरतात. म्हणून शब्दांचा आकडा रोज सांगावा, अडलेला एखादा परिच्छेद दाखवावा, अख्खं प्रकरण मात्र दोन-चार विश्वासातल्या वाचकांनाच पाठवावं. त्यातला एक तरी न चुकता "पुढचं कुठंय?" विचारणारा असावा.